जिन्याने जाणारा लिफ्टवाला

ज्या माणसाने बावीस वर्षं इतरांना वरच्या मजल्यावर सुखरूप पोचवलं, तो स्वतः नऊ मजले जिन्याने चढायला लागला, तेव्हा पहिले दोन महिने लोकांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. चाळिशी उलटलेला माणूस घामाघूम होऊन जिना चढताना दिसला की लोकांना तो व्यायामच वाटतो. कोणी त्याच्या पोटाकडे बघून म्हणालं, फरक पडलाय हं. फरक पडलाच होता. पाच किलो वजन उतरलं होतं, पण ते घास घशाखाली उतरत नव्हता म्हणून. कौतुक करणाऱ्याचा हिरमोड कशाला करा, म्हणून तोही नुसता हसायचा.

कागदोपत्री त्याचं नाव काहीही असो, धंद्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. लिफ्टचे रूळ सरळ बसलेत की नाहीत ते त्याने बघतात. हा माणूसही तसाच होता, उंच, सरळ आणि टांगून ठेवल्यासारखा शांत. लिफ्ट अडकून आतले लोक आरडाओरडा करत असले की हा किल्लीने दार उघडायचा आणि पाहुण्यांना घरात घ्यावं तशा आवाजात म्हणायचा, "या, सावकाश या." घाबरणाऱ्या माणसांबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. सहा दोरांवर लटकलेली गाडी पडेल कशी, एवढा साधा हिशेब ज्यांना कळत नाही त्यांची त्याला कीव यायची. पुढे जे झालं ते या कीव करण्याची शिक्षा म्हणून झालं असं मी म्हणणार नाही. पण शिक्षा म्हणून झालं असतं, तर याहून नेमकं जमलं नसतं.

एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, तो नऊ मजली इमारतीच्या लिफ्टची पंधरवड्याची तपासणी करत होता. गाडी पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे होती. लिफ्टला काहीही झालं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्या इमारतीने हे विसरायचं ठरवलं. झालं ते त्याला. आधी छातीत धडधड सुरू झाली, मग बोटांना मुंग्या आल्या, मग हवा कुठे गेली तेच कळेना, आणि मग त्याची पक्की खात्री पटली की आपण आत्ता, या स्टीलच्या पेटीत, हातात स्क्रूड्रायव्हर असताना मरतोय. सहाव्यावर दार उघडलं तसा तो बाहेर पडला आणि पायरीवर बसला. वीस मिनिटांनी तो जिवंत होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी काढली. सगळं ठणठणीत. तरुण डॉक्टर अहवालावरून नजर न उचलता म्हणाला, टेन्शन घेऊ नका. चिठ्ठीवर जागा उरली असती तर तेही लिहून दिलं असतं: टेन्शन घेऊ नये, दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

मग सल्ले सुरू झाले. फुकट आणि घरपोच मिळणारी तेवढी एकच वस्तू आहे. व्यायामाची यंत्रं विकणारा त्याचा मेहुणा तर खास त्यासाठी आला, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, हे सगळे मनाचे खेळ असतात, दाजी, तो विचारच करायचा नाही. ओळंब्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. तो विचार करायचा नाही असं ठरवल्यापासून त्याला दुसरा कुठलाही विचार सुचेनासा झाला. नऊ मजलीत तिसऱ्यावरच्या एका गृहस्थांना त्याने नुसतं टेन्शन आहे एवढंच सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ते गृहस्थ गेली तीस वर्षं कुलूप लावल्यावर सात वेळा ओढून बघतात आणि गल्लीच्या टोकावरून आठव्यांदा परत येतात. पण त्यांच्या वेळी असलं काही नव्हतं, हे खरंच असणार.

दुसरा झटका आला तो न्हाव्याच्या खुर्चीत. गळ्याभोवती कापड बांधलं, अर्धे केस कापून झाले आणि हा कापडासकट उठून रस्त्यावर. तेव्हापासून न्हावी बंद. केस कानाखाली आले, तसं लोकांना वाटायला लागलं की माणूस या वयात गाण्याबिण्याकडे वळला असावा. मग बस बंद झाली. मग टपाल कचेरीतली रांग. एक-एक जागा गळत गेली आणि प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटलं, हीच यातली खरी गोम आहे. पळून गेलं की भीती खाली बसते. मग माणसाला वाटतं, पळालो म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी ती आणखी एक खोली मागते आणि आपण शहाण्यासारखं तीही रिकामी करून देतो.

त्याची बायको रंगाच्या दुकानात रंग मिसळून द्यायची. तिला जगातली कुठलीही छटा डब्याच्या नंबराने ओळखता यायची. नवरा घरी आला की ती तोंडाकडे बघून म्हणायची, आज तीनशे बारा, म्हणजे फिकट राखाडी. कधी नुसतंच पांढरं. ती रडली नाही, तिने उपदेश केला नाही, उपास धरले नाहीत. तिने फक्त बघितलं की नवरा शर्टाच्या खिशात छातीच्या पट्टीची झेरॉक्स घडी घालून बाळगतो, पिशवीत पाण्याची बाटली आणि ओला रुमाल ठेवतो, आणि बाटली अर्धी झाली की घर गाठतो. असे अडीच महिने तिने जाऊ दिले. ते तिने जाऊ द्यायला नको होते, असं ती आजही म्हणते.

आता कोणी विचारेल की जो लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, तो लिफ्ट तपासतो कशी. त्याला तोड होती. त्याच्याकडे सहा इमारती होत्या. पाच ठिकाणी दोन माणसांचं काम होतं, तिथे जोडीदार गाडीत बसायचा. नऊ मजली मात्र त्याची एकट्याची. तिथे गच्चीवरच्या मशिनरूममध्ये एक नोंदवही टांगलेली असे, अकरा ओळींची. दोर, ब्रेक, तेल, दारं, असं करत अकरावी ओळ होती: गाडीत बसून सर्व मजले चालवून पाहिली. पहिल्या दहा ओळी तो पूर्वी करायचा त्याच्या दुप्पट काळजीने करायचा. अकरावीसाठी त्याने पहारेकऱ्याला आत बसवलं. आपण वर राहून आवाजाची परीक्षा घेणार आहोत, असं त्याला सांगितलं. पहारेकरी प्रत्येक मजल्याचं बटण दाबत वर-खाली हिंडायचा, आणि ओळंबा अकराव्या ओळीपुढे बरोबरची खूण करून सही ठोकायचा. अशा आठ सह्या झाल्या. जन्मात वीतभर खोटं न बोललेला माणूस, पण भीतीच्या नोकरीत राहिलं की असली वरकड कामं करावीच लागतात.

पहारेकऱ्याला मात्र आपण वैज्ञानिक कामात आहोत असं वाटून अभिमान वाटला आणि त्याने तो मनात ठेवला नाही. साहेब मला आत बसवतात, त्याने चौथ्या मजल्यावर सांगितलं, स्वतः कधी बसत नाहीत. चौथ्याने पाचव्याला सांगितलं. पाचव्याला आठवलं की हा माणूस हल्ली जिन्याने येतो. मग व्यायामाचं कौतुक एका संध्याकाळीत आटोपलं. ज्याचं पोट लिफ्टवर चालतं तोच आत बसत नाही, म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे. काय माहीत आहे, हे त्याला विचारायचं कोणाच्याही मनात आलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग घाबरण्याची सगळीच मजा गेली असती.

आठवड्याभरात निम्मी इमारत जिन्याने जायला लागली. तेव्हा सेक्रेटरींनी तळमजल्यावर सूचना लावली: लिफ्ट पूर्णपणे सुरक्षित आहे, रहिवाशांनी घाबरू नये. उरलेल्या निम्म्यांना तोवर काही माहीत नव्हतं. सूचना वाचून तेही जिन्याने जायला लागले. लिफ्ट रिकामी उभी राहायची, दिवा लावून, नोकरीवरून काढून टाकल्यासारखी. नऊ मजल्यांची माणसं भिंतीला हात टेकत चढायची, गुडघ्यांना शिव्या द्यायची आणि एकमेकांना सांगायची की सुरक्षितता महत्त्वाची.

ओळंब्याला हे सगळं दिसत होतं. एका वाक्यात त्याला ते मिटवता आलं असतं. पण ते वाक्य म्हणायचं म्हणजे बावीस वर्षांची अब्रू तळमजल्यावर मांडायची. तो मूग गिळून बसला.

त्याच सुमारास बायकोचा धीर सुटला. तिने सांगितलं की तिच्या दुकानातून एका समुपदेशक बाईंनी खोलीसाठी रंग नेला होता, फिकट हिरवा, चांगली निवड होती, आणि आपण सोमवारी तिथे जातोय. ओळंबा म्हणाला, मी काही वेडा नाही. ती म्हणाली, "वेडे असता तर मी सोबत आले नसते, गाडी मागवली असती. चला, दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही." लिफ्ट नाही, हे ऐकून तो तयार झाला.

बॅगा दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची ती खोली होती. बाईंनी, म्हणजे मॅडमनी, आधी त्याला तासभर बोलू दिलं. त्याने काय केलं, तर लिफ्ट का पडू शकत नाही यावर व्याख्यान दिलं. एक दोर अख्खी गाडी पेलतो आणि असे सहा असतात. वीज गेली तर ब्रेक सुटत नाही, उलट आवळला जातो. आणि सगळं सोडून गाडी वेगाने खाली निघालीच, तर गव्हर्नर नावाचं एक चाक असतं, ते वेग ओळखून खटका पाडतं आणि गाडी रुळांना जखडून टाकतं. मॅडमनी विचारलं, आणि तो गव्हर्नर बिघडला तर? बिघडतो ना, तो म्हणाला. कधी जास्तच हळवा लागतो. मग गाडी नेहमीच्या वेगाने चालली तरी त्याला ती पडतेय असंच वाटतं, खटका पाडतो आणि चांगल्या चालत्या गाडीला मधेच जखडतो.

तो बोलता बोलता तिथेच थांबला. बायकोने पुढे सांगितलं की तेवढ्या एका क्षणात तो तीनशे बारावरून जरा माणसाच्या रंगावर आला.

मग त्याला नाव कळलं. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात, पुष्कळांना होतो, त्याने हृदय बंद पडत नाही, वेड लागत नाही. धोका नसताना अंगातली धोक्याची घंटा वाजते, एवढंच, पण ती खरीखुरी वाजते, नाटक नव्हे. घंटा काढून टाकायची नसते. ती वाजत असताना तिथेच थांबायचं, पुन्हा पुन्हा, म्हणजे अंगाला हळूहळू कळतं की वाजली तरी काही होत नाही. यालाच थोडं-थोडं करून सामोरं जाणं म्हणतात आणि यात मेहुण्याचा काहीही उपयोग नसतो. गरज पडली तर गोळीही आहे, त्यासाठी डॉक्टरकडे पाठवीन, आणि ती घेण्यात कमीपणा नाही, असंही मॅडमनी सांगितलं.

ओळंबा घरी आला आणि त्याने तेच केलं जे फक्त लिफ्टचा माणूस करील. त्याने नोंदवही आखली. तारीख, वेळ, ठिकाण, नाडीचे ठोके, भीती दहापैकी किती, केलेली उपाययोजना, शेरा, आणि शेवटी बायकोच्या सहीचा रकाना. बोटाला लावायचं ठोके मोजायचं यंत्र आणलं. दिवसातून चाळीस वेळा मोजायचा. ठोके वाढले की घाबरायचा, घाबरला की ठोके वाढायचे, आणि तो दोन्हींची नोंद सुवाच्य अक्षरात करायचा. आठ दिवसांनी त्याने ती वही मॅडमच्या टेबलावर ठेवली, शाबासकीच्या अपेक्षेने. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाल्या, "भीतीची देखभाल तुम्ही फार उत्तम करता."

यंत्र त्यांनी ठेवून घेतलं. वहीही. बायकोला सांगितलं की तो सतत विचारेल, मला काही होणार नाही ना, आणि तुम्ही दर वेळी नाही म्हणू नका. ते उत्तर पाच मिनिटं पुरतं आणि सवय जन्मभर लागते. बायकोने त्या दिवसापासून उत्तर बदललं. "माहीत नाही, बघू या," म्हणायची आणि भाजी चिरत राहायची. पहिल्या आठवड्यात त्याला ती जगातली सर्वांत निर्दय बाई वाटली. तिलाही स्वतःबद्दल तसंच वाटत होतं, पण ते तिने कळू दिलं नाही.

काम सुरू झालं. आधी लिफ्टचं दार उघडं धरून नुसतं उंबऱ्यावर उभं राहायचं, कंटाळा येईपर्यंत. मग आत. मग बायकोसोबत एक मजला. हे सगळं पहारेकऱ्याच्या जेवणाच्या वेळात, चोरून. एक मजला जमला, तेव्हा तो विजयी मुद्रेने मॅडमकडे गेला आणि त्यांनी शांतपणे विचारलं की हातात काय होतं. पाण्याची बाटली होती. खिशात? झेरॉक्स होती. मग तुम्ही नाही गेलात, त्या म्हणाल्या, बाटली गेली. पुढची पायरी होती दोन मजले, एकट्याने, रिकाम्या हाताने. तिथे तो तीन आठवडे अडून बसला.

सातव्या मजल्यावर टपालबाई राहायच्या. चौतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं वेगळी करून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट सगळ्यांनी सोडली तशी त्यांनीही सोडली, पण जिना त्यांच्या आवाक्यात नव्हता. म्हणजे सहा आठवडे त्या घरातच होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती, ती गेली. त्या दिवशी त्यांचा भाचा म्हणाला, आम्ही चौघं तुला खुर्चीत बसवून खाली नेतो. त्यांनी साफ नकार दिला. आयुष्यभर पार्सलं पाठवली, आता मी पार्सल होणार नाही, म्हणाल्या. दुसरी तारीख गुरुवारची, सकाळी दहाची होती. हीसुद्धा चुकली तर नाव यादीच्या तळाशी, पुढचे पाच-सहा महिने. त्यांना आता माणसांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते आकार दिसायचे.

बुधवारी त्यांनी ओळंब्याला बोलावणं पाठवलं. तो सात मजले चढून गेला. बाईंनी त्याला समोर बसवलं आणि त्याच्या आकाराकडे बघत सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः त्या लिफ्टमध्ये बसून सगळे मजले शेवटचे कधी फिरलात?"

त्याच्याकडे आठ सह्या होत्या. परवाच, एवढं म्हटलं की झालं असतं. कागद त्याच्या बाजूने होते. बाई समोर बसून होत्या, उत्तर ऐकून उद्या जायचं की नाही ते ठरवणार होत्या, आणि त्यांना न दिसणाऱ्या चेहऱ्याने खोटं बोलणं त्याला जड जाऊ लागलं.

"चार महिने झाले," तो म्हणाला.

"मग काहीतरी आहे."

"आहे. लिफ्टमध्ये काही नाही, बाई. जे आहे ते माझ्यात आहे."

आणि त्याने सांगितलं. पाचवा-सहावा मजला, न्हाव्याची खुर्ची, झेरॉक्स, पहारेकऱ्याचं वैज्ञानिक काम, सगळं. सांगताना त्याचे कान तापले. चार महिने जे वाक्य गिळलं होतं ते फार मोठं असेल असं त्याला वाटलं होतं. ते दहा मिनिटांत संपलं.

टपालबाईंना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. सहा आठवडे, त्या म्हणाल्या. वाचनालय नाही, बाजार नाही, एक तारीख गेली, आणि तुम्हाला लाज वाटत होती म्हणून? तो हो म्हणाला.

"उद्या सव्वानऊला या," बाई शेवटी म्हणाल्या. "मला दिसत नाही, तुम्हाला धीर नाही. दोघं मिळून एक धड माणूस होईल."

दोन मजलेही ज्याला तीन आठवडे जमले नव्हते, त्याच्या वाट्याला सात आले. त्याने मॅडमना फोन केला. होईल ना, असं विचारण्यासाठीच केला होता. त्या म्हणाल्या, भीती नक्की वाटेल, एवढं मी खात्रीने सांगते.

गुरुवारी सकाळी सातव्या मजल्यावर गाडी आली. दार उघडलं. त्याने खिसा चाचपला. झेरॉक्स दुसऱ्या शर्टात राहिली होती, किंवा बायकोने राहू दिली होती. यावर त्यांचा अजून वाद आहे. टपालबाईंनी त्याचं मनगट धरलं आणि दोघं आत गेले. दार लागलं.

सहाव्याच्या आतच सुरू झालं. धडधड, मुंग्या, हवा गायब. बाईंच्या बोटांखाली त्याची नाडी उड्या मारत होती. त्यांनी विचारलं, दहापैकी किती? त्याने आदल्या दिवशी त्यांना तेही सांगितलं होतं. "नऊ," तो म्हणाला. पाचवा. "नऊच." तो श्वास रोखायला गेला, मग आठवलं की रोखायचा नाही, मोजायचा नाही, लढायचं नाही, यायचं ते येऊ द्यायचं. चौथा. त्याला रडू येत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती, हे नवीन होतं. तिसरा. बाई म्हणाल्या, माझंही सहा आहे, तुम्ही एकटे नाही. तळमजला.

तळमजल्यावर निम्मी इमारत जमली होती. शेजाऱ्याचं धाडस बघायला लोक नेहमी वेळेवर येतात. कुलूपवाले गृहस्थ पुढे होते. टपालबाई त्यांच्या दिशेने बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की लिफ्ट चांगली आहे, याला बंद जागेत भीती वाटते, एवढीच भानगड होती. आणि भाच्याच्या गाडीत बसून निघून गेल्या.

बावीस वर्षांची अब्रू तळमजल्यावर मांडली गेली. ती बघायला कोणी फार वेळ थांबलं नाही. लोकांना कामावर जायचं होतं.

सात मजल्यांना चाळीस सेकंद लागतात. भीती उतरायला त्याहून जास्त. म्हणजे त्याची भीती अजून दहापैकी आठवर होती आणि समोर उघडा रस्ता होता. आत्ता घरी गेलो तर सुटकेचं श्रेय पुन्हा पळण्यालाच जाणार, हे त्याला कळत होतं. तो वळून आत गेला आणि नवव्या मजल्याचं बटण दाबलं. वर, खाली, वर. तिसऱ्या फेरीला भीती आठ. पाचव्या फेरीला पुन्हा नऊ, उगाचच. मग सात, मग पाच. किती फेऱ्या झाल्या ते त्याने मोजायचं सोडलं. आणि एकदा खाली येताना त्याच्या ध्यानात आलं की आपण मघापासून चौथ्याच्या बटणाकडे बघतोय. बाकीची बटणं उजळलेली होती, त्याचा दिवा लागत नव्हता.

त्याने खाली पहारेकऱ्याला विचारलं. "तो तर दोन महिने बंद आहे साहेब," पहारेकरी म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही सही करता ना."

ओळंबा मशिनरूममध्ये गेला आणि वही उघडली. आठही नोंदींत अकराव्या ओळीवर काट मारली, प्रत्येकीपुढे लिहिलं: मी आत बसलो नाही. नव्या पानावर अकरावी ओळ भरली, शेऱ्यात चौथ्याचा दिवा लिहिला, तो बदलला आणि सही केली.

पंधरा दिवसांनी त्याच्या लिफ्ट कंपनीचं पत्र आलं. आठ खोट्या सह्यांबद्दल चार महिन्यांत कोणी ब्र काढला नव्हता. त्या खऱ्या केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, वर वहीत खाडाखोड करू नये अशी समज. त्याने पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. तिथे हल्ली जागा होती.

त्याची भीती गेली असं मी सांगणार नाही. तसं सांगणारे यंत्रं विकतात. न्हाव्याकडे तो गेला, पण कापड सैल बांधून घेतो. बसमध्ये अजून दाराजवळ उभा राहतो. कधी एखादा दिवस तीनशे बारा उगवतो आणि बायको म्हणते, बघू या.

पुढच्या तपासणीला सातव्यावर टपालबाई आत शिरल्या. एका डोळ्याची पट्टी निघाली होती. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या की तुम्ही इतके उंच असाल असं वाटलं नव्हतं. मग त्याच्या खिशातून डोकावणारा कागद मागितला. ती ताकीद त्यांनी हात लांब करून, नव्या डोळ्याने, चष्म्याशिवाय मोठ्याने वाचायला घेतली, पत्ता आणि जावक क्रमांकासकट, जुन्या सवयीने. खाडाखोड या शब्दावर त्या थांबल्या आणि हे कोणी लिहिलंय म्हणून विचारलं. तो सांगू लागला. दोघं बोलत राहिले, आणि उघड्या दाराबाहेर तळमजल्यावर कोणीतरी खाकरलं, तेव्हा त्यांना कळलं की गाडी केव्हाच पोचली आहे.